पिवळी पिशवी आणि भांड्यांची वही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाची जुनी दप्तरे चाळावयास आम्ही बसलो, तेव्हा इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या आणि नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके यांच्या तळाशी लाल कापडी बांधणीची एक वही हाती लागली. मुखपृष्ठावर ‘भांडी’ एवढा एकच शब्द होता. मंडळाने आरंभीच्या वर्षांत वर्गणी जमवून घेतलेली ताटे, वाट्या, पेले, पातेली, झारे आणि ओगराळी कोणाच्या घरी केव्हा गेली, केव्हा परत आली, किती वाट्या कमी भरल्या, याची नोंद तीत सुवाच्य अक्षरात केलेली आहे. बारसे, मुंज, डोहाळजेवण, तेरावा. कोइमतूरमधील मराठी कुटुंबांची सारी सुखदुःखे त्या वहीतून ओळीने वाचता येतात.

मात्र नव्वदच्या दशकाच्या मध्यास या नोंदी एकाएकी थांबतात. पुढील पाने कोरी आहेत. त्याच सुमारास जमाखर्चाच्या वहीत एक नवीन बाब अवतीर्ण होते : ‘थर्मोकोलच्या थाळ्या व पेले’. सुमारे पंचवीस वर्षांनी, २०१९ साली, भांड्यांच्या वहीतील नोंदी पुन्हा सुरू होतात. मधल्या कोऱ्या पानांच्या काळात आपल्या मंडळात, या शहरात आणि देशात काय घडले, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. सुवर्णमहोत्सवात केवळ यशाची यादी द्यावी असा प्रघात असला, तरी आपल्या हातून घडलेले अनुचितही पुढील पिढीच्या स्वाधीन करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

वस्तूंचा जन्म

आज गल्लीबोळांत उडणारी पातळ पिशवी फार प्राचीन नाही. स्वीडनमधील सेलोप्लास्ट या कंपनीतील अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन याने पॉलिथिनच्या नळीपासून कान असलेली अखंड पिशवी बनविण्याची युक्ती शोधून काढली आणि १९६५ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. कागदी पिशव्यांसाठी होणारी वृक्षतोड टळावी असा वडिलांचा उद्देश होता व ते स्वतः घडी केलेली पिशवी खिशात बाळगीत, असे त्याच्या चिरंजीवांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे ज्याने ती निर्माण केली त्याच्या मनात ती फेकून देण्याची वस्तू नव्हतीच. फेकण्याचा धर्म तिला आपण दिला.

थर्मोकोलची कथा थोडी जुनी आहे. पॉलिस्टायरीन फुगवून हलका, पांढरा फेस बनविण्याची कृती जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत १९५० च्या आसपास सिद्ध झाली. त्याच्या आकारमानाचा शेकडा पंचाण्णवाहून अधिक भाग निव्वळ हवा असतो. उष्णता रोखणे हा त्याचा खरा गुण. शीतगृहांच्या भिंतींना आणि नाजूक यंत्रांच्या वेष्टनाला तो उपकारकच ठरला. परंतु त्याच पदार्थाच्या थाळ्या, द्रोण आणि पेले निघाले, आणि पंधरा मिनिटांच्या जेवणासाठी शतकानुशतके न कुजणारी वस्तू वापरण्याची विसंगती कोणाच्या ध्यानात आली नाही.

येथे आपल्या समाजाच्या व्यवसायाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. या शहरात आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतून गलाईच्या धंद्यासाठी आली. सोनाराच्या दुकानातील केरकचरा, राख आणि माती गोळा करून, ती भट्टीत घालून तिच्यातून सोन्याचांदीचे कण वेगळे काढणे हा आमच्या वडीलधाऱ्यांचा व्यवसाय. झाडलेल्या मातीतही मोल असते हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले, त्यांनीच ज्यातून काहीही हाती लागत नाही असा कचरा निर्माण करावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! थर्मोकोल इतका हलका की पोतेभर गोळा केला तरी तराजूचा काटा हलत नाही. म्हणून भंगारवाला तो घेत नाही, आणि कचरा वेचणाऱ्या बायकाही त्याला हात लावीत नाहीत. जाळावा तर काळा, घशाला झोंबणारा धूर निघतो.

आमची चूक

भांडी घासण्यास माणसे मिळेनात, सभासदांची संख्या वाढली, गणेशोत्सवाचा महाप्रसाद मोठा झाला. तेव्हा थर्मोकोलच्या थाळ्या आणण्याचा ठराव कार्यकारिणीत एकमताने संमत झाला. इतिवृत्तात त्याचे कारण ‘सोय व स्वच्छता’ असे नोंदविले आहे. मखरही थर्मोकोलचे आले. पुण्यामुंबईकडील कारागिरांनी कोरलेले मयूरासन आणि कमानी कुर्ल्याहून सुटणाऱ्या गाडीने कोणी ना कोणी सांभाळून घेऊन येई, आणि त्याचे सर्वांस मोठे अप्रूप वाटे.

एका वर्षी महाप्रसादानंतर उष्ट्या थाळ्यांची पोती सभागृहाच्या मागील गटाराजवळ रात्रभर पडून राहिली. पहाटे वारा सुटला आणि पाठोपाठ पाऊस आला. सकाळी आम्ही मूर्तीच्या पूजेच्या गडबडीत असताना पाठीमागील चाळीत राहणाऱ्या एक वृद्ध पाट्टी, म्हणजे आजीबाई, दारात उभ्या राहिल्या. त्यांचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. गटार तुंबून पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले होते. हातात एक थर्मोकोलची थाळी होती, तिला शिऱ्याचा कण अजून चिकटलेला होता. आमच्या तत्कालीन चिटणीसांच्या पुढे ती धरून त्या तमिळमध्ये एवढेच म्हणाल्या, “तंबी, हे तुमचे आहे ना? घ्या.”

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. चिटणीसांनी ‘अम्मा, क्षमा करा’ असे म्हणून थाळी हातात घेतली आणि आम्ही चारपाच जण फावडी घेऊन चाळीकडे गेलो. त्या दिवशीच्या आरतीला कोणाचे लक्ष नव्हते. आपण या नगरीत पाहुणे म्हणून आलो, हिच्या अन्नपाण्यावर वाढलो, हिच्या लोकांनी आपल्या गणपतीला आपल्या रस्त्यातून वाट दिली. आणि आपण त्यांच्या दारात काय नेऊन टाकले? तथापि सत्य सांगावयाचे तर त्यानंतरही कित्येक वर्षे थाळ्या येतच राहिल्या. लाज वाटणे आणि सवय सुटणे यांमध्ये फार मोठे अंतर असते. ते अंतर कसे कापले जाते हे पाहण्यासाठी मंडळाबाहेर दृष्टी टाकली पाहिजे.

डोंगरांनी दाखविलेली वाट

या प्रश्नाची जाणीव प्रथम राजधान्यांना झाली नाही. ती डोंगराळ प्रदेशांना झाली. उतारावरील गटार तुंबले तर त्याचे फळ त्याच पावसाळ्यात भोगावे लागते. हिमाचल प्रदेशाने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा १९९५ साली केला, आणि पुढे २००९ च्या गांधीजयंतीपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर संपूर्ण बंदी घातली. सिक्कीमने १९९८ साली पिशव्या बंद केल्या. गंगटोकच्या उतारांवर दरडी कोसळण्यास पिशव्यांनी तुंबलेली गटारे कारणीभूत ठरतात, असे तेथे मानले गेले होते. त्याच राज्याने २०१६ साली थर्मोकोलच्या थाळ्या, पेले यांवरही बंदी आणली. लेह नगरात १९९८ साली पिशव्या हद्दपार झाल्या त्या तेथील महिलांच्या संघटनेने घेतलेल्या पुढाकारामुळे.

आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर नीलगिरी आहे. विसाव्या शतकाचा शेवट आणि एकविसाव्याचा आरंभ या संधिकालात तेथील जिल्हाधिकारी सुप्रिया साहू यांनी ‘ऑपरेशन ब्ल्यू माउंटन’ ही मोहीम चालविली आणि जिल्ह्यात प्लास्टिकच्या पिशव्यांना मज्जाव केला. उदकमंडलमला सहलीस जाणाऱ्या आमच्या कुटुंबांना हा बदल घाटाच्या नाक्यावरच जाणवे. गाडीतील पिशव्या काढून ठेवाव्या लागत. पुढे २०१९ साली पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांवरही तेथे निर्बंध आले, तेव्हा पर्यटकांना भांडे भरून घेता यावे म्हणून ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची यंत्रे बसविण्यात आली. नुसते ‘आणू नका’ म्हणून प्रशासन थांबले नाही; ‘हे घ्या’ असेही त्याने म्हटले. या दोन शब्दांतील भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

मुंबईचा पाऊस आणि मायक्रॉनचे गणित

आपल्या मायभूमीला हा धडा २६ जुलै २००५ रोजी मिळाला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई पाण्याखाली गेली. एवढ्या पावसापुढे कोणतेही गटार अपुरे पडले असते, हे खरे. परंतु नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांनी संकट वाढविले याविषयी दुमत नव्हते. शेजारच्या बांगलादेशानेही १९८८ व १९९८ च्या पुरांनंतर २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली होती, आणि असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला होता. महाराष्ट्राने २००६ साली ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम केले.

हे मायक्रॉनचे प्रकरण सामान्य गृहिणीस कोड्यासारखे वाटते, म्हणून थोडा खुलासा करतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवी जितकी पातळ तितकी ती स्वस्त, म्हणून दुकानदार ती फुकट देतो. आणि तितकीच ती हलकी, म्हणून भंगारात तिला भाव नसतो. पिशवी जाड केली की ती फुकट देणे परवडत नाही आणि वेचणाऱ्याला तिचे दोन पैसे मिळतात, असा या नियमामागील हिशेब. केंद्र सरकारने १९९९ साली किमान जाडी २० मायक्रॉन ठरविली. ती २०११ साली ४०, २०१६ साली ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. परंतु बाजारात हातात सूक्ष्ममापक घेऊन कोण उभा राहणार? म्हणूनच अनेक राज्यांनी जाडीचा वाद सोडून सरसकट बंदीचा मार्ग पत्करला.

महाराष्ट्राची तशी अधिसूचना २३ मार्च २०१८ ची असून तिची अंमलबजावणी २३ जूनपासून कडकपणे सुरू झाली. पिशव्यांबरोबर थर्मोकोलच्या थाळ्या, पेले यांचाही तीत समावेश होता. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठेवण्यात आला. त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या सजावटीपुरती थर्मोकोलला सवलत मिळावी म्हणून व्यावसायिकांनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने ती नाकारली. कुर्ल्याच्या गाडीने येणारी आमची मखरे थांबली ती अशी! पुढे १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशातच प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे, नळ्या, मिठाईच्या खोक्यावरील वेष्टन आणि सजावटीचा थर्मोकोल यांवर बंदी आली.

मंजप्पै

तमिळनाडू शासनाने आपला निर्णय ५ जून २०१८ या पर्यावरणदिनी विधानसभेत घोषित केला आणि १ जानेवारी २०१९ पासून चौदा प्रकारच्या वस्तूंवर, जाडी कितीही असो, बंदी लागू केली. त्यात पिशव्या होत्या, थर्मोकोलच्या थाळ्या व पेले होते, आणि प्लास्टिकचा थर दिलेले कागदी पेलेही होते. ‘कागदी’ म्हणून जे आपण निःशंकपणे वापरतो त्याच्या आतील चकाकीही प्लास्टिकचीच असते, हे आमच्यापैकी अनेकांना त्या यादीमुळे प्रथम समजले.

परंतु या राज्याची खरी प्रज्ञा दिसली ती एका जुन्या वस्तूचे पुनरुज्जीवन करण्यात. तमिळमध्ये ‘मंजळ’ म्हणजे हळद, आणि पिवळा रंगही. ‘पै’ म्हणजे पिशवी. लग्नात आलेल्या पाहुण्यास नारळ व विडा घालून द्यावयाची पिवळी कापडी पिशवी म्हणजे मंजप्पै. तिच्यावर वधूवरांची नावे छापलेली असत, आणि लग्न होऊन वर्षे लोटली तरी ती पिशवी भाजीबाजारात हिंडत असे. पुढे झगमगीत पिशव्यांच्या काळात तिची अवहेलना झाली. ‘मंजप्पै घेऊन आलेला’ म्हणजे खेड्यातून आलेला भोळा मनुष्य, असा थट्टेचा अर्थ तिला चिकटला. शासनाने २३ डिसेंबर २०२१ रोजी ‘मीण्डुम मंजप्पै’, अर्थात ‘पुन्हा पिवळी पिशवी’, ही मोहीम चेन्नईत सुरू केली. २०२२ साली कोयंबेडूच्या बाजारात दहा रुपयांत पिवळी पिशवी देणारे यंत्रही बसले. ज्या वस्तूची लाज वाटत होती तीच अभिमानाची करणे, हे कोणत्याही दंडाहून प्रभावी ठरते.

आमच्या नगरीला तर यात अधिकच औचित्य आहे. रॉबर्ट स्टेन्स यांनी १८८८ साली येथे पहिली कापडगिरणी काढली, आणि दक्षिणेचे मँचेस्टर म्हणून हिची ख्याती झाली. जवळच होजिअरीचे तिरुप्पूर आहे, जेथे कापडाच्या कातरणांना तोटा नाही. सुताकापडाच्या या राजधानीने भाजी आणावयास पॉलिथिन वापरावे, ही विसंगती पिवळ्या पिशवीने तरी दूर व्हावी.

पुन्हा भांडी

आमच्या मंडळात बदल घडला तो २०१९ च्या गणेशोत्सवात. बंदी होती, थाळ्या मिळत नव्हत्या, आणि पोफळीच्या विरीच्या ताटल्या महाग पडत होत्या. कोकणातल्या आपल्या माणसांस विरी नवी नाही. येथे तिला पाक्कु मट्टै म्हणतात. अखेरीस महिला शाखेने माळ्यावरील ट्रंका उघडल्या. ताटे काळवंडली होती, पण होती. घासणार कोण, हा पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला, तेव्हा ‘जो जेवेल त्याने आपले ताट घासावे’ असा साधा नियम झाला. पहिल्या दिवशी काही ज्येष्ठ सभासदांस तो रुचला नाही. दुसऱ्या दिवशी माजी अध्यक्षच रांगेत ताट घेऊन उभे राहिले, आणि वाद मिटला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवातही प्लास्टिकच्या डब्यांऐवजी जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या लुटण्यात आल्या. येथे आणखी एक कबुली दिली पाहिजे. दोनतीन वर्षांत घरोघरी कापडी पिशव्यांचा ढीग साचला आणि बाजारास जाताना मात्र एकही हाताशी नसे. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नव्या सुती पिशवीचा हवामानावरील भार एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीहून कमी व्हावयाचा असेल, तर ती १३१ वेळा तरी वापरली पाहिजे. कारण कापूस पिकविण्यास आणि सूत कातण्यास पाणी, खत व वीज लागतेच. जुन्या साडीच्या पिशवीला हा हिशेब तितका लागू नाही. तथापि बोध एकच : पिशवी कापडाची असून भागत नाही, ती सोबत असली पाहिजे. आमच्या आज्यांकडे एकच पिशवी असे, आणि ती खुंटीला, दाराजवळ असे. म्हणून आता आम्ही वाणात पिशवीऐवजी दारामागे लावण्याची खुंटी देतो. हसू येईल, पण उपयोग तिचाच अधिक झाला.

कायद्याने सारे साधले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आजही बाजारात सकाळच्या गर्दीत पातळ पिशव्या दिसतात, आणि गटारांतही. छोट्या विक्रेत्याला दंड करणे सोपे आणि पिशव्यांच्या कारखान्यापर्यंत पोहोचणे कठीण, ही अंमलबजावणीची जुनी व्यथा आहे. परंतु पन्नास वर्षांच्या या अनुभवातून एक गोष्ट निःसंशय दिसते : जेथे बंदीच्या बरोबर पर्याय हाती दिला गेला आणि तो सांभाळणारी स्थानिक माणसे पुढे आली, तेथेच सवय पालटली. लेहमध्ये ती तेथील महिला होत्या, नीलगिरीत प्रशासन आणि नागरिक होते. आमच्यापुरते बोलावयाचे तर ती एक विसरलेली वही होती.

त्या वहीच्या नव्या पानांवरील एक नोंद सांगून हा लेख पुरा करतो. भांडी केवळ सभासदांपुरती न ठेवता शेजाऱ्यांसही द्यावीत असे ठरल्यावर पहिली मागणी आली ती पाठीमागील चाळीतून. त्या पाट्टी आता हयात नाहीत; त्यांच्या पणतीचे कान टोचावयाचे होते. ताटे, वाट्या, पेले गेले आणि दुसऱ्या दिवशी लखलखीत होऊन परत आले. मोजताना एक वाटी जास्त भरली. तिच्यावर तमिळ अक्षरात पाट्टींचे नाव कोरलेले होते. आम्ही ती परत करावयास गेलो, तेव्हा त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “राहू द्या, तुमच्याकडेच असू द्या.” वहीत त्या तारखेपुढे ‘एक वाटी अधिक’ अशी नोंद आहे.

ज्या दारात आम्ही एकदा उष्टी थाळी पाठविली, त्या दारातून ही वाटी आली. तिची किंमत आमच्या पुढील पिढीने ओळखावी आणि ही वही शताब्दीपर्यंत कोरी राहू देऊ नये, एवढीच श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना.